सगळ्यांनी आपापलं कर्तव्य केलं

१ ऑगस्ट १९१४ रोजी दक्षिण जर्मनीतल्या कॉन्स्टान्स गावी, सरोवराकाठच्या इन्झेल हॉटेलात युरोप-अमेरिकेतल्या प्रोटेस्टंट चर्चचे प्रतिनिधी जमत होते. राष्ट्राराष्ट्रांतली युद्धं थांबवण्यासाठी चर्चने काय करावं, हा परिषदेचा विषय. त्याच संध्याकाळी जर्मनीने रशियाविरुद्ध युद्ध पुकारलं. बरेच निमंत्रित वाटेतच अडकले होते. जे पोहोचले त्यांनी प्रार्थना केली, घाईघाईने ठराव संमत केले आणि सीमा बंद व्हायच्या आत परतीची गाडी पकडली. हे हॉटेल म्हणजे पूर्वीचा डॉमिनिकन मठ. त्याच्या पाचशे वर्षं आधीच्या धर्मपरिषदेत यान हुस या सुधारकाला पाखंडी ठरवून जिवंत जाळलं, त्याआधी त्याला याच मठात कोंडून ठेवलं होतं. आणि ज्याच्या नावाच्या हवाई जहाजांनी पुढच्या मे महिन्यात लंडनवर बॉम्ब टाकले, त्या काउंट झेपेलिनचा जन्मही याच वास्तूतला. कादंबरीकाराने एकाच इमारतीत एवढा उपरोध कोंबला असता, तर संपादकाने त्यातला निम्मा नक्की छाटला असता.

परतताना कोलोनच्या स्टेशनावर दोघांनी एकमेकांचा निरोप घेतला. एक होता बर्लिनच्या कामगारवस्तीत काम करणारा पाद्री झीगमुंड-शुल्त्से, दुसरा इंग्लंडचा क्वेकर पंथीय हेन्री हॉजकिन. आपले देश काहीही करोत, आपण दोघं एकमेकांशी लढणार नाही, असं वचन त्यांनी दिल्याची आठवण सांगतात. दोघांनीही ते पाळलं. बाकीच्या चर्चचं काय झालं, ती गोष्ट फारशी अभिमानाची नाही.

नव्वद लाखांहून अधिक सैनिक मरत असताना देव काय करत होता, हा प्रश्न पहिल्या महायुद्धापासून धर्मचिंतकांचा पिच्छा पुरवत आला आहे. प्रश्न मोठा आहे यात शंका नाही. पण सगळा जाब वर, आकाशाकडे मागितला की खाली माणसं अलगद सुटतात. त्याहून अडचणीचा प्रश्न जमिनीवरचा आहे. ज्या युद्धात राजापासून रेल्वेच्या कारकुनापर्यंत बहुतेक जण मनापासून आपलं कर्तव्यच करत होते, त्याचं पाप कुणाच्या खात्यावर मांडायचं?

सुरुवातच पाहावी. २८ जूनला सारायेवोमध्ये एकोणीस वर्षांच्या गाव्रिलो प्रिन्सिपने ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची पत्नी सोफी यांना गोळ्या घातल्या. सकाळी त्याच्या एका साथीदाराने टाकलेला बॉम्ब फुकट गेला होता. युवराजाचा चालक चुकून भलत्या रस्त्याला वळला आणि गाडी थांबली ती नेमकी प्रिन्सिपसमोर. आपण राष्ट्राचं कर्तव्य करतो आहोत याबद्दल प्रिन्सिपच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. ५ जुलैला बर्लिनने व्हिएन्नाला बिनशर्त पाठिंब्याचा शब्द दिला: मित्राचं कर्तव्य. २३ जुलैला व्हिएन्नाने सर्बियाला ४८ तासांचा निर्वाणीचा खलिता धाडला: साम्राज्याच्या अब्रूचं कर्तव्य. यातला प्रत्येक जण सारखाच दोषी होता असं म्हणणं लबाडीचं ठरेल. व्हिएन्नाला सर्बियाशी युद्ध हवंच होतं आणि बर्लिनला ते ठाऊक होतं. तरीही युरोपभर वणवा पेटावा असा कट कुणा एकाने एका खोलीत बसून रचलेला सापडत नाही. तशी खोली शोधणाऱ्या इतिहासकारांचा वाद अजून मिटलेला नाही.

२९ जुलैला रशियाचा झार निकोलस आणि जर्मनीचा कैसर विल्हेल्म यांच्यात तारा सुरू झाल्या. दोघं नात्याने भाऊ. तारा इंग्रजीत, खाली सह्या 'निकी' आणि 'विली'. तंटा हेगच्या न्यायालयापुढे नेऊ, असंही निकोलसने सुचवलं. त्या रात्री त्याने सर्व सैन्य सज्ज करण्याचा आधी दिलेला हुकूम मागे घेतला. दुसऱ्या दिवशी दुपारी परराष्ट्रमंत्री साझोनोव्हने तासभर समजूत घातल्यावर तो पुन्हा दिला. सेनापती यानुश्केविचने आधीच सांगून ठेवलं होतं की, एकदा हुकूम मिळाला की आपण टेलिफोनच फोडून टाकू, म्हणजे तो पुन्हा फिरवायला कुणाला सापडायला नको. साझोनोव्हने त्याला कळवलं, आता खुशाल फोडा. १ ऑगस्टच्या संध्याकाळी जर्मन राजदूत पूर्टालेस युद्धाची घोषणा घेऊन त्याच साझोनोव्हकडे आला. कागद हातात दिला आणि खिडकीशी जाऊन रडू लागला. साझोनोव्हनेच त्याला सावरलं.

त्याच दिवशी बर्लिनमध्ये कैसरला भलतीच आशा वाटू लागली होती. इंग्लंड कदाचित बाजूला राहील, मग फ्रान्सवर चढाई कशाला, सगळं सैन्य रशियाकडेच वळवू, असं त्याने सेनाप्रमुख मोल्टकेला सांगितलं. मोल्टकेने साफ नकार दिला. लाखो सैनिकांच्या गाड्यांचं वेळापत्रक वर्षभर खपून बसवलेलं असतं, ते एका रात्रीत फिरवलं तर सैन्य राहत नाही, नुसता जमाव उरतो. तुझ्या काकाने, म्हणजे थोरल्या मोल्टकेने, वेगळं उत्तर दिलं असतं, असं कैसर म्हणाल्याचं मोल्टकेनेच लिहून ठेवलं आहे. युद्धानंतर जर्मन रेल्वे विभागाचा प्रमुख जनरल फॉन श्टाब याला हे 'अशक्य' फार झोंबलं. गाड्या वळवता आल्या असत्या हे त्याने अख्खं पुस्तक लिहून दाखवून दिलं. म्हणजे तोवर लाखो माणसं मेली होती आणि वाद उरला होता तो खात्याच्या कार्यक्षमतेचा.

अशा वेळी धर्माचं काम काय? जमलं तर हात धरणं, नाही तर निदान विचारणं, की बाबा, हे कर्तव्य तुला नेमून दिलं कुणी? १९१४ च्या शरद ऋतूत जवळपास कुणीच असं विचारलं नाही. प्रशियन सैनिकाच्या पट्ट्याच्या बक्कलवर 'देव आमच्याबरोबर' हे शब्द होतेच. कैसरने प्रजेला केलेल्या आवाहनाचा मसुदा आडोल्फ फॉन हार्नाकने लिहिला. ख्रिस्ती धर्माच्या इतिहासाचा त्या काळातला सर्वांत नावाजलेला पंडित तो. ऑक्टोबरमध्ये ९३ जर्मन विद्वानांनी बेल्जियममधल्या अत्याचारांचा इन्कार करणारं पत्रक काढलं. त्यावर हार्नाकची सही होती, माक्स प्लांक आणि रंटगेनचीही होती. लंडनचे बिशप विनिंग्टन-इनग्रॅम यांनी १९१५ मध्ये प्रवचनातून सांगितलं की जर्मनांना मारणं, चांगल्यांना आणि वाईटांनाही, हे जग वाचवण्यासाठी आवश्यक आहे. १९०५ पासून चर्चशी काडीमोड घेतलेल्या फ्रान्समध्ये हजारो पाद्री सैनिक म्हणून भरती झाले आणि सरकार-चर्चचं भांडण खंदकात विरघळलं. इस्तंबूलमध्ये नोव्हेंबर १९१४ ला फातिह मशिदीत जिहादचा फतवा वाचला गेला. काफिरांविरुद्धच्या या धर्मयुद्धातून जर्मन आणि ऑस्ट्रियन काफिरांना मात्र सोयीस्करपणे वगळलं होतं. दीड वर्षाने मक्केच्या शरीफनेच इंग्रजांच्या मदतीने खलिफाविरुद्ध बंड पुकारलं.

वेगळा सूर लावला तो रोमहून. पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी १९१४ च्या नाताळात तरी तोफा थांबवा असं विनवलं, १९१७ मध्ये तहाच्या अटीही सुचवल्या. फ्रेंच त्यांना जर्मनांचा पोप म्हणू लागले आणि जर्मन फ्रेंचांचा. नाताळात सैनिकांनी काही ठिकाणी आपण होऊन बंदुका खाली ठेवल्या, मधल्या ओसाड पट्ट्यात येऊन सिगारेटी वाटल्या, मुडदे पुरले. सेनापतींनी पुढच्या वर्षी असं घडू नये म्हणून सक्त हुकूम काढले. त्या दिवशी कर्तव्यात कसूर झाली होती ना.

हार्नाकचा एक शिष्य स्वित्झर्लंडमधल्या झाफेनविल या कामगारांच्या गावात पाद्री होता. त्याचं नाव कार्ल बार्थ. आपल्या गुरूंची नावं युद्धाच्या समर्थकांत वाचून त्याला जबर धक्का बसला. ज्या विद्येचा शेवट असा होतो तिच्या पायातच काही बिघाड असला पाहिजे, असं मानून तो बायबलमधलं पॉलचं रोमकरांस पत्र पुन्हा वाचायला बसला. त्यातून निघालेल्या भाष्याने विसाव्या शतकातल्या प्रोटेस्टंट विचाराची दिशाच बदलली. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: देव हा राष्ट्राच्या, संस्कृतीच्या, प्रगतीच्या दिमतीला ठेवायची वस्तू नाही. तो या सगळ्यांना 'नाही' म्हणणारा आहे.

त्या ९३ सह्यांत फ्रिट्झ हाबरचीही एक होती. हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवण्याची त्याची युक्ती नसती तर आजच्या जगाला खत पुरलं नसतं. त्याच युक्तीने नाकेबंदीत सापडलेल्या जर्मनीला स्फोटकंही पुरवली. २२ एप्रिल १९१५ ला ईप्रजवळ, बेल्जियममध्ये, हाबरच्या देखरेखीखाली क्लोरीनची हजारो नळकांडी उघडली गेली आणि हिरवट-पिवळा ढग वाऱ्याबरोबर फ्रेंच आणि अल्जेरियन सैनिकांवर सरकला. वायूमुळे युद्ध लवकर संपेल आणि जीव वाचतील, असं हाबरने तरुण ओटो हानला समजावलं होतं. हानला ते पटलं. हाबरची पत्नी क्लारा इमरवार स्वतः रसायनशास्त्रातली डॉक्टरेट. २ मेच्या पहाटे तिने नवऱ्याच्या पिस्तुलाने स्वतःला गोळी घातली. मागे चिठ्ठी सापडलेली नाही, त्यामुळे कारणाबद्दल इतिहासकारांत एकमत नाही. हाबर लगेचच पूर्व आघाडीवर निघून गेला. त्याला १९१८ सालचं नोबेल मिळालं, अमोनियासाठी. हाबर दुष्ट होता म्हणून विषय संपवता येत नाही, हीच खरी अडचण. शांततेच्या काळात शास्त्रज्ञ जगाचा आणि युद्धात देशाचा, अशी त्याची सरळ वाटणी होती. तिच्यात त्याला स्वतःचा लोभ कुठे दिसत नव्हता.

मराठी वाचकाला इथे गीता आठवल्याशिवाय राहणार नाही. लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात पेन्सिलीने लिहिलेलं 'गीतारहस्य' पुण्यात छापून बाहेर आलं ते १९१५ मध्येच, ईप्रच्या वायूनंतर काही आठवड्यांनी. ज्ञान झाल्यावरही कर्म सोडू नये, ते फळाची आसक्ती सोडून लोकसंग्रहासाठी करावं, हा त्याचा गाभा. वरवर वाचणाऱ्याला वाटेल की मग मोल्टकेचं वेळापत्रकही निष्काम कर्मच झालं. पण टिळकांनी पुस्तकाच्या आरंभीच 'कर्मजिज्ञासा' हे प्रकरण घातलं आहे. दोन कर्तव्यं एकमेकांसमोर उभी ठाकली तर काय करायचं, याची उदाहरणं त्यात महाभारतापासून हॅम्लेटपर्यंत येतात. गीता सुरूच होते ती एका थांबलेल्या रथापासून. अर्जुन दोन्ही सैन्यांच्या मधोमध रथ उभा करायला लावतो, आणि त्याला पडलेल्या प्रश्नांचं निरसन होईपर्यंत युद्ध खोळंबतं. त्याने शेवटी बाण सोडले, हे सगळ्यांच्या लक्षात राहतं; त्याआधी तो थांबला होता, हे राहत नाही. जुलै १९१४ मध्ये असा रथ थांबवला तो एकट्या निकोलसने, आणि तोही एका रात्रीपुरता.

मराठी शिपायांपुढे कर्मजिज्ञासा आली ती अगदी वेगळ्या रूपात. इराकमध्ये लढणाऱ्या सहाव्या डिव्हिजनचं नावच 'पूना डिव्हिजन'. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये टायग्रिसकाठच्या कुत-अल-अमारा गावात तुर्कांनी या डिव्हिजनला वेढलं. धान्य आटत चाललं तसे घोडे आणि खेचरं कापायला सुरुवात झाली. गोऱ्या सैनिकांनी ते मांस खाल्लं. हिंदी शिपायांनी, हिंदू आणि मुसलमान दोघांनीही, नाकारलं. कोरड्या भाकरीवर दिवस काढताना हिरड्या सुजू लागल्या, स्कर्व्हीने माणसं अंथरुणाला खिळली. गावी परतल्यावर जात वाळीत टाकेल, ही भीती साधी नव्हती. जनरल टाउनशेंडने बिनतारी संदेशाने हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून परवानगी मागवली, ती आली, तरी पुष्कळांनी एप्रिलपर्यंत दाद दिली नाही. विमानांतून पिठाची पोती टाकण्याचा प्रयोगही झाला, तो पुरा पडला नाही. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे तेरा हजारांच्या फौजेने शरणागती पत्करली आणि कैदेत हजारो मेले.

इंग्रज अधिकाऱ्यांनी याला हट्ट म्हटलं. जरा निराळ्या बाजूने पाहिलं तर असं दिसतं की, बसऱ्याला कशाला जायचं, तुर्काला का मारायचं, हे शिपायाला कुणी विचारलं नव्हतं. त्यासाठी कुठल्या शास्त्र्याचा की मौलवीचा कौल मागवला नव्हता. 'नाही' म्हणण्याची एवढी एकच जागा त्याच्याकडे उरली होती, त्याचं ताट. तिथे तो अडून बसला.

इकडे १९१८ मध्ये सरकारला आणखी पाच लाख माणसं हवी होती. १० जूनला मुंबईच्या टाउन हॉलमध्ये गव्हर्नर विलिंग्डनने युद्धपरिषद भरवली. टिळकांनी राजनिष्ठेचे चार शब्द बोलून स्वराज्याचा विषय काढताच गव्हर्नरने त्यांना अडवलं. टिळक उठून निघून गेले. टिळकांचा हिशेब सरळ होता: रक्त मागता तर अधिकार द्या. हिंदी तरुणांना सैन्यात अधिकाऱ्यांच्या जागा मिळतील असं वचन गांधींनी सरकारकडून मिळवावं, मग महाराष्ट्रातून पाच हजार रंगरूट देतो, म्हणून त्यांनी गांधींकडे पन्नास हजारांचा चेक तारण म्हणून पाठवला. गांधींनी तो परत केला. मदत करायची तर बिनशर्त, सौदा नको. आणि ते स्वतः खेडा जिल्ह्यात रंगरूट गोळा करत पायी हिंडू लागले.

आज हे वाचताना माणूस गोंधळतो. अहिंसेचा पुजारी गावोगाव सैन्यात चला म्हणतो आहे, आणि शठाशी शठ व्हावं म्हणणारा पुढारी अटी घालून हात राखतो आहे. खेड्यातल्या शेतकऱ्यांनाही तो प्रश्न पडला. तुम्ही अहिंसावाले, आम्हाला हत्यार घ्यायला कसं सांगता, असं त्यांनी तोंडावर विचारलं. काही महिन्यांपूर्वी सारा-सत्याग्रहात ज्यांनी बैलगाड्या फुकट दिल्या, ते आता भाड्यानेही देईनात. युद्धाच्या तत्त्वज्ञानावर त्या वर्षी देशात झालेली सर्वांत मुद्द्याची चर्चा बहुधा याच बांधावर झाली. ऑगस्टमध्ये गांधी आमांशाने अंथरुणाला खिळले आणि भरतीचं काम थंडावलं.

इंग्लंडमध्ये मात्र काही माणसांनी लेखी 'नाही' म्हटलं. १९१६ मध्ये सक्तीची भरती आली, तेव्हा सुमारे सोळा हजार जणांनी सदसद्विवेकाच्या आधारावर सूट मागितली. स्थानिक न्यायाधिकरणांपुढे ठरलेला प्रश्न असे, तुझ्या बहिणीवर जर्मनाने हात टाकला तर काय करशील? काहींनी रुग्णवाहिकेचं काम पत्करलं. काहींना तेही मान्य नव्हतं, कारण बरा केलेला सैनिक पुन्हा खंदकातच जाणार. पस्तीसेक जणांना फ्रान्समध्ये नेऊन जून १९१६ मध्ये मृत्युदंड सुनावला, क्षणभर थांबून मग तो दहा वर्षांच्या सक्तमजुरीत बदलल्याचं वाचलं. बर्ट्रंड रसेलची केंब्रिजमधली नोकरी गेली, पुढे सहा महिने तुरुंगही झाला. यांनी युद्ध एक दिवसानेही आखूड केलं नाही, हे त्यांच्यावर नेहमीचं टीकास्त्र. खरं आहे. पण आपल्या वाटणीचा दुवा आपण होऊन निखळवणारे निघाले ते एवढेच.

युद्धाने समाज बदलला त्याच्या नोंदी भरपूर आहेत: बायका दारूगोळ्याच्या कारखान्यांत आल्या, ब्रिटन आणि जर्मनीत १९१८ ला त्यांच्या हाती मत आलं, चार साम्राज्यं कोसळली, मुंबईच्या बंदरातून शिरलेल्या तापाने हिंदुस्थानात कोटीहून अधिक माणसं नेली. श्रद्धेच्या बाजूला झालेला बदल कमी दिसतो. मृत मुलाशी बोलण्यासाठी घराघरांत टेबलाभोवती मंडळी बसू लागली. भौतिकशास्त्रज्ञ ऑलिव्हर लॉजने युद्धात गेलेल्या मुलाशी झालेल्या अशा संवादांचं पुस्तक काढलं आणि ते भराभर खपलं. मृतांना परत आणायचं नाही, सेनापती आणि शिपाई दोघांना एकाच मापाचा दगड, असं ब्रिटिश साम्राज्याच्या कबर आयोगाने ठरवलं. तीन मुलगे गमावलेल्या एका बिशपच्या पत्नीने निदान क्रूस तरी उभारू द्या म्हणून अर्ज केला. तो फेटाळला गेला, कारण मृत्यूत सगळे समान. ही समानता बसऱ्यापर्यंत मात्र पोहोचली नाही. तिथल्या स्मारकावर साध्या हिंदी शिपायांची नावं कोरलीच नाहीत, नुसते आकडे दिले. आयोगाने २०२१ मध्ये हा भेदभाव लेखी कबूल केला.

अपराध कुणाचा, याचं कायदेशीर उत्तर व्हर्सायच्या तहातल्या २३१ व्या कलमाने दिलं: जर्मनीचा. सही झाली २८ जून १९१९ ला, सारायेवोला बरोबर पाच वर्षं झाली त्या दिवशी. जर्मनीत हे कलम शिवीसारखं ऐकलं गेलं आणि हिटलरने त्याचं भांडवल केलं.

मार्टिन नीम्योलर हा त्या युद्धातला पाणबुडीवरचा अधिकारी. १९१७ मध्ये भूमध्य समुद्रात, बुडणाऱ्या सैनिकांना वाचवायला आलेल्या जहाजाला त्याच्या पाणबुडीने अडवून धरलं, आणि तिथे आपल्या मनात पहिला प्रश्न उठल्याचं त्याने पुढे लिहिलं. युद्धानंतर तो पाद्री झाला, आधी नाझींना मत दिलं, मग चर्चमधल्या त्यांच्या ढवळाढवळीला विरोध करून छळछावणीत गेला. पण १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच त्याच छावणीतून त्याने नौदलाला पत्र लिहून सेवेची तयारी दाखवली. जुनी सवय. ऑक्टोबर १९४५ मध्ये श्टुटगार्टला जर्मन प्रोटेस्टंट चर्चच्या नेत्यांनी एक निवेदन काढलं. आमच्या हातून लोकांवर आणि देशांवर अपरंपार दुःख ओढवलं, आम्ही अधिक धैर्याने बोलायला हवं होतं, असं त्यात होतं. कुणी दुसऱ्याने लादलेलं कलम नव्हे, स्वतःहून केलेली कबुली. सही करणाऱ्यांत नीम्योलर होता. भाविकांकडून संतापाचा लोंढा आला: पुन्हा २३१ वं कलम गळ्यात घालायचं का, फक्त आम्हीच का, बॉम्ब काय आमच्यावर पडले नाहीत? जानेवारी १९४६ मध्ये एर्लांगेनला तो विद्यार्थ्यांसमोर या अपराधाबद्दल बोलायला उभा राहिला. ऐकणाऱ्यांत बरेच जण नुकतेच आघाडीवरून परतलेले होते. आपण फक्त आपलं कर्तव्य केलं, असं मानणारे. त्यांनी पाय आपटून भाषणात व्यत्यय आणला. नीम्योलर बोलत राहिला, आणि पुढची काही वर्षं गावोगाव तेच बोलत हिंडला.